एकशे तेवीस जोडी डोळे

पेणच्या कारखान्यात मी नऊ वर्षं शाडू मळला. कारखाना म्हणजे माझ्या सख्ख्या मामांचं घर. ओटीवर गणपती, माजघरात गणपती, पडवीत साचे, आणि उरलेल्या जागेत आम्ही माणसं. नागावहून आईनं मला मामांकडे पाठवलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि चित्रकलेत वर्गात पहिला आलो होतो. वर्गात सातच मुलं होती आणि त्यातल्या दोघांनी परीक्षा दिली नव्हती, हे तिनं मामांना सांगितलं नाही.

शाडू मळायला माझी ना नव्हती. तो गलबतानं अंतोऱ्याच्या बंदरात यायचा, तिथून बैलगाडीनं घरी. कुटायचा, चाळायचा, भिजवायचा, कणकेसारखा मळायचा, साच्यात दाबायचा. मूर्ती निघाली की सांधे पुसायचे, वाळल्यावर सफेदा द्यायचा, मग अंगाचा रंग, पीतांबर, दागिने. हे सगळं मला येत होतं. शेवटचं काम तेवढं मामांचं. त्याला आखणी म्हणतात. आखणी म्हणजे डोळे. डोळे आखेपर्यंत मूर्ती ही रंगवलेली माती असते. लोक तिच्यावरून वाकून पलीकडची पिशवी उचलतात. डोळे आखले की तेच लोक चपला काढून उभे राहतात. त्यामुळे पेणेत माणसाची किंमत आखणीवरच ठरायची. मी गणपतीच्या कारखान्यात असतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "आखणी करता का?" मी नाही म्हटलं की समोरचा माणूस हवापाण्याबद्दल बोलू लागे. मुली सांगून येत, त्यांचे बापसुद्धा हवापाण्यावर येऊन थांबत.

मला आखणी हवी होती. बाकी काही नको होतं. मामांनी ती आपल्या मुलाला शिकवली होती; तो शिकला, मुंबईला गेला आणि तिकडेच राहिला. घरात त्याचं नाव निघत नसे. मला मात्र नऊ वर्षांत कुंचला हातात दिला नाही. यावरून मी असा अर्थ काढला होता की मामांच्या मते त्यांचा मुलगा हुशार आणि भाचा ठोंब्या. हा अर्थ मनात घेऊन मी रोज सकाळी शाडू भिजवत असे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर, कारखान्यात सामसूम असताना, अलिबागच्या एका शाळेचे हेडमास्तर आमच्याकडे आले. उंच, कोट घातलेले, कोटाच्या खिशात वही. मराठी राज्य होणार याबद्दल त्यांची खात्री होती. तसं अजून कुणी जाहीर केलं नव्हतं, पण त्यांनी सभागृह रंगवायला काढलं होतं. राज्य झालं की त्या मुहूर्तावर सभागृहात एक कायमचा देखावा उघडायचा, असा त्यांचा बेत होता.

"आणि राज्य नाही झालं तर?" मामांनी विचारलं.

"तर स्नेहसंमेलनात उघडू," हेडमास्तर म्हणाले.

देखावा लढाईचा होता. अलिबागसमोर समुद्रात किल्ला आहे, त्यावर इंग्रज आणि फिरंगी मिळून चालून आले होते आणि मार खाऊन परत गेले, ती लढाई. दहा फूट लांब, सहा फूट रुंद फळी. एका टोकाला किल्ला, मधे ओहोटीचा समुद्र, दुसऱ्या टोकाला किनारा. ओहोटीचाच पाहिजे, कारण भरतीला तिथे लढायला जागाच नाही. एकशे चाळीस माणसं, अकरा घोडे, चार गलबतं. माणसं टीचभर उंचीची. कुणाच्या अंगावर काय, कमरेला काय, डोक्याला काय, हे सगळं हेडमास्तरांनी वहीत बारीक अक्षरात लिहून आणलं होतं. चित्र मात्र एकही नव्हतं. त्यांना चित्र येत नव्हतं आणि आमच्यापैकी कुणाला इतिहास येत नव्हता. अशा तयारीनिशी आम्ही लढाईला उभे राहिलो.

मामांनी आयुष्यात गणपतीखेरीज फक्त गौरी, गोकुळाष्टमीचे कृष्ण आणि पोळ्याचे बैल केले होते. पण त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "ज्याला गणपती येतो त्याला सगळं येतं." हे वाक्य पुढचे चार महिने मी रोज आठवत होतो.

माणसाचा साचा आमच्याकडे एकच होता, आणि तो कृष्णाचा. टीचभर उंच, पायावर पाय टाकून उभा, ओठाशी बासरी. मामा म्हणाले, "बासरी काढ, बंदूक दे." मी तसं केलं. दोन दिवसांनी पडवीत चाळीस मराठे वाळत होते, सगळे पायावर पाय टाकून, बंदुका ओठांशी आडव्या धरून, माना किंचित कलत्या. समोरून शत्रू चालून येतोय आणि आमची फौज बंदुका वाजवतेय, असं ते दिसत होतं. मामा उकिडवे बसून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तार मागितली. चाळीस कृष्णांचे ऐंशी पाय आम्ही कापले, फाकवले आणि परत चिकटवले. हात कोपरापासून उतरवून खांद्याशी नेले. मामी दिवा लावायला बाहेर आल्या, खाली पडलेला पायांचा ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "हे बरं दिसत नाही हो." तेवढ्यापुरता मामांनी ढिगावर ओला कपडा टाकला. माना मात्र शेवटपर्यंत कलत्याच राहिल्या. त्या सरळ केल्या तर तुटत होत्या.

फिरंग्यांचं वेगळंच. फिरंगी आमच्यात कुणी पाहिला नव्हता. मामांनी लहानपणी एक इंग्रज कलेक्टर पाहिला होता, त्याच्या डोक्यावर पांढरी फुगीर साहेबी टोपी होती. म्हणून पहिल्या वीस फिरंग्यांना आम्ही तशाच टोप्या घातल्या. हेडमास्तर पाहायला आले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ही टोपी त्या लढाईनंतर दीडशे वर्षांनी निघाली, असं ते म्हणाले. मामा म्हणाले, "मग आधी उन्हात काय घालत होते?" हेडमास्तरांकडे याचं उत्तर वहीत होतं. वीस टोप्या कापल्या, त्रिकोणी केल्या. मामींचं मत पहिल्या टोप्या शोभत होत्या असं पडलं.

मेलेले करायला सगळ्यात सोपे. मूर्ती ओली असताना आडवी ठेवायची, हात पसरायचे, झालं. शिवाय मेलेल्यांचे डोळे मिटलेले, तिथे आखणी नाही. पापणीची एक रेघ मारली की पुरे. मी जरा जास्तच मेलेले करू लागलो तेव्हा हेडमास्तरांनी आकडा घालून दिला. शत्रूचे अकरा, आपले सहा. आपले सहाच्या वर गेले तर विजयाला गालबोट लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. राहिली एकशे तेवीस माणसं, उघड्या डोळ्यांची.

पौषात एका सकाळी मामांनी खारीच्या केसांचा बारीक कुंचला माझ्यापुढे ठेवला. "यांचे डोळे तू कर," ते म्हणाले.

मी आधी हात धुऊन आलो.

"सैनिक आहेत, देव नाहीत," मामा म्हणाले. "बिघडले तरी कुणाला पाप नाही." मग, "घोड्यांना हात लावू नकोस. घोडा खंडोबाचा. त्यांचे मी आखीन."

म्हणजे माझी पायरी कुठली, तर माणसांच्या वर आणि घोड्यांच्या खाली. तरी मला हर्ष झाला होता, ते लपवून उपयोग नाही. त्या दिवशी मी दोनदा आंघोळ केली.

मामांचा हात मी नऊ वर्षं बघत होतो. वरची पापणी एका श्वासात, मधे थांबायचं नाही. मग खालची, तिच्याहून हलकी. मग बुबुळ, वरच्या पापणीला किंचित चिकटलेलं, म्हणजे नजर खाली उतरते आणि समोर उभ्या माणसावर येते. शेवटी बुबुळात सफेद्याचा एक ठिपका. मी एकशे तेवीस माणसांना असे डोळे केले. फिरंग्यांचे वहीत लिहिल्याप्रमाणे निळे. एकही बिघडला नाही. नऊ दिवसांत सगळे पुरे झाले, आणि मामा येताजाता माझ्या पाठीमागे उभे राहायचे आणि काही न बोलता जायचे. न बोलणं हीच शाबासकी, असं मी धरलं.

हेडमास्तर आले. आम्ही फळीवर माणसं मांडून ठेवली होती, अजून चिकटवली नव्हती. ते वाकले. वाकूनच फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग सरळ होऊन त्यांनी चष्मा पुसला.

"हे काय करतायत?" त्यांनी मला विचारलं.

"लढतायत."

"कुणाशी? हा पाहा. याच्या पोटात भाला गेलाय आणि हा भालेवाल्याला आशीर्वाद देतोय. आणि भालेवाला? त्याला याची केवढी दया आलीय! अहो, ही लढाई आहे की आरती?"

मी वाकून पाहिलं. त्यांचं खरं होतं. समुद्राच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेली ती एकशे तेवीस माणसं मान किंचित कलती करून एकमेकांकडे अपार मायेनं बघत होती. डोळे सगळे गणपतीचे होते. मला दुसरे येतच नव्हते. दुसरेही डोळे असतात, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"राग पाहिजे," हेडमास्तर म्हणाले. "त्वेष! महिन्याभरात करून ठेवा."

मी उपाय सुचवला, की काही जणांचे डोळे मिटले तर? हेडमास्तरांनी वही उघडून सहा आणि अकरा हे आकडे मला परत दाखवले.

राग कसा दिसतो ते पाहायला मी बाहेर पडलो. घरात पाहायची सोय नव्हती. मामा कधी रागावत नसत, ते नुसते गप्प होत, आणि मामी रागावल्या की चुलीकडे तोंड करत. एसटीच्या थांब्यावर दोन सकाळी उभा राहिलो. कंडक्टर ओरडत होता, पण डोळे मख्ख होते, ओरडणं नुसतं तोंडाचं होतं. मग मासळीबाजारात गेलो. तिथे भांडणं असतात असं ऐकून होतो. त्या दिवशी नेमकी सगळी गोडीगुलाबी चालली होती. शेवटी मी एका पोक्त कोळणीपुढे बसलो आणि सरळ सांगितलं, की मला रागावलेले डोळे काढायचे आहेत, तर मावशी, माझ्यावर जरा रागवा.

"कशापायी रागवू?" ती म्हणाली. "तू माजं काय वाकडं केलंस?"

"काही नाही. नुसतं रागवून दाखवा."

"आरं, असा राग येतो व्हय?" ती शेजारणीकडे वळली. "यो बग, याला राग पायजे हाय." मग दोघी इतक्या हसल्या की पाटीतली सुकट सांडली. ती मी वेचून दिली आणि पाव शेर विकतही घेतली. घरी मामींनी ती पाहिली आणि मला राग पाहायला मिळाला, पण तो चुलीकडे तोंड करून होता.

पंधरा दिवस गेले. मी भुवया वर नेल्या, खाली आणल्या, बुबुळं मोठी केली. मोठी केली की सैनिक दचकल्यासारखे दिसत. लहान केली की झोपाळू. माझ्या हातानं पापणीला सुरुवात केली की ती आपोआप कमळाच्या पाकळीसारखी वळत असे. नऊ वर्षं जे पाहिलं तेच हातात उतरत होतं.

मग माघातला गणपती आला. पालीच्या एका गृहस्थांची मूर्ती होती, दरवर्षीची. ते स्वतः न्यायला आले होते आणि ओटीवर चहा पीत बसले होते. आखणी तेवढी राहिली होती. मामा बसले. त्यांचा हात थोडा थोडा कापायला लागला होता, हे मला गेल्या गणपतीपासून माहीत होतं, पण त्या दिवशी तो फारच कापला. पापणीची रेघ तुटली. त्यांनी पुसली, सफेदा दिला, वाळू दिला. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा पालीच्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. मी पुढे झालो आणि हळूच म्हणालो, "मामा, मी आखू?"

मामांनी मान वर केली नाही. "तू शाडू मळ," ते म्हणाले.

माघात मळायला शाडू नव्हता. हे मामांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ओटीवर ओतलेल्या मातीचा मागमूस नाही हे पालीच्या गृहस्थांनाही दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हवापाण्याबद्दल काहीतरी विचारलं.

मी पडवीत गेलो. समोर फौज उभी होती. बसलो, कुंचला घेतला आणि पुसलेल्या चेहऱ्यांवर डोळे काढत सुटलो. काही ठरवलं नाही, काही आठवलं नाही. माझे कान तापले होते आणि दात आवळलेले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मामी तांदूळ न्यायला पडवीत आल्या, सहज खाली पाहिलं आणि दोन पावलं मागे सरल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "यांना काय झालं?"

मी पाहिलं. पापण्या सरळ झाल्या होत्या, कडेला एकदम खाली तुटलेल्या. बुबुळं वरच्या पापणीपासून सुटून मधोमध आली होती आणि नेमकी माझ्यावर रोखलेली होती. मराठे रागावले होते, इंग्रज रागावले होते, तोफेला बत्ती देणारा म्हातारा सगळ्यात जास्त रागावला होता. चार दिवसांत सगळी एकशे तेवीस माणसं संतापली. माना कलत्या असल्यामुळे तो संताप आणखीच खुनशी दिसत होता. हेडमास्तर आले, वाकले, आणि वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी टाळी वाजवली.

राज्य झालं. त्या आठवड्यात आम्ही फळीचे चार तुकडे करून, गोणपाटात बांधून, धरमतरची खाडी ओलांडून अलिबागला नेले. समुद्राची वाळू नागावहून वडिलांनी एक पोतं भरून पाठवली होती. वाटेत दोन गलबतांची शिडं फाटली, ती जागेवर शिवली. एक मेलेला फिरंगी हरवला, तो शेवटपर्यंत सापडला नाही. हेडमास्तरांनी तो पळून गेला असं मानायचं ठरवलं. सभागृहात एका पुढाऱ्यांनी पडदा ओढला. त्यांनी मराठ्यांच्या डोळ्यांतला अंगार या विषयावर बराच वेळ भाषण केलं. मी दाराशी उभा होतो आणि भाषणातला अंगार माझा आहे हे कुणाला सांगावं, ते कळत नव्हतं.

दुपारी गर्दी आत सोडली. लोक रांगेनं फळीभोवती फिरत होते. आधी किल्ला बघत, मग लढाईशी येत, जरा थबकत आणि पुढे होत. आणि मग किनाऱ्याकडच्या टोकाला येऊन थांबत. तिथे घोडे होते, मामांनी डोळे आखलेले. अकरा घोडे, कापऱ्या हातानं आखलेल्या पापण्यांचे, आणि तरी त्यांची नजर इतकी शांत, इतकी समजूतदार, की बायका तिथे हात जोडत होत्या. एकीनं वेणीतलं फूल काढून ठेवलं. मग दुसरीनं ठेवलं. हेडमास्तरांनी शिपायाला फुलं उचलायला उभं केलं. लोकांना घोडे आवडले होते. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि त्यावर उपाय म्हणून मी आणखी रागावलो.

मामा त्याच दिवशी पहिल्यांदा पुरा देखावा पाहत होते. माघातल्या त्या सकाळनंतर ते पडवीत आले नव्हते. घोड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. सैनिकांपुढे उभे राहिले, धोतराचा सोगा हातात धरून, आणि एकेक चेहरा पाहत गेले. मी जवळ गेलो.

"हे कुणावर रागावलेत?" त्यांनी विचारलं.

"फिरंग्यांवर."

"फिरंगीपण रागावलेत."

"ते मराठ्यांवर."

मामांनी मान डोलावली. परतीच्या होडीत ते काही बोलले नाहीत. पण ते एरवीही होडीत बोलत नसत, त्यांना होडी लागत असे.

श्रावण आला. ओटीवर तीनशे गणपती डोळ्यांवाचून उभे होते आणि चतुर्थी अकरा दिवसांवर आली होती. मामांनी तीन दिवस प्रयत्न करून पाहिला. हात पाण्यात बुडवून पाहिला, मनगट दोरीनं पाटाला बांधून पाहिलं. चौथ्या सकाळी त्यांनी कुंचला माझ्या हातात दिला आणि सरकून बसायला जागा केली.

"बस," ते म्हणाले.

नऊ वर्षं मी या क्षणाची जी काही कल्पना केली होती तिच्यात एखादं वाक्य तरी असे. असो. मी बसलो, श्वास धरला आणि पापणी ओढली. मग खालची, मग बुबुळ, मग ठिपका. आणि मागे सरून पाहिलं. गणपती माझ्याकडे असा बघत होता, की मी त्याचा मोदक उचलला असावा.

मामांनी ओल्या फडक्यानं डोळे पुसले, सफेद्याचा हात दिला आणि शेजारची मूर्ती पुढे सरकवली. दुसरा गणपती भालेवाल्यासारखा झाला. तिसरा तोफवाल्या म्हाताऱ्यासारखा. चौथ्याच्या वेळी मी मुद्दाम हळू हात चालवला, तो नुसता रागावलेला नाही तर दबा धरून बसलेला दिसू लागला. मामा प्रत्येक वेळी पुसत होते. पाचवा पुसून झाला तेव्हा त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"तू माझ्यावर किती रागावला आहेस ते मला अलिबागेस कळलं," ते म्हणाले. "एकशे तेवीस वेळा कळलं. पण हा गणपती वढावच्या माणसाचा आहे. त्यानं काय केलंय?"

आणि मग तोंडातून निघून गेलं. नऊ वर्षं मी काय केलं, मळलं, चाळलं, दुसऱ्याला दिलं ते मला दिलं नाही, पालीच्या माणसासमोर मला मातीत घातलं, मला येत होतं, मला कधीपासून येत होतं, का नाही दिलंत. हे सगळं मी ओरडून बोललो असेन, कारण स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"येत होतं," मामा म्हणाले. "दुसऱ्याच वर्षी येत होतं. तू वखारीच्या भिंतीवर कोळशानं डोळे काढायचास ते मी पाहत होतो. चांगले होते. माझ्या मुलाचे तुझ्या वयात इतके चांगले नव्हते."

"मग?"

"ज्याला आखणी येते तो इथे राहत नाही. त्याला मुंबई बोलावते. दोन कारागिरांना शिकवली, गेले. पोराला शिकवली, गेला." त्यांनी सफेद्याची वाटी ढवळली. "तू राहावास म्हणून दिली नाही. चूक झाली असेल. पण मला तू जायला नको होतास."

रंगात सरस किती घालायचा ते सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं. मी तोवर रागाची इतकी कारणं जमवून ठेवली होती, त्यात हे नव्हतं. मला रडू आलं. चोवीस वर्षांच्या माणसाला तीनशे गणपतींसमोर रडू येणं बरं नव्हे, म्हणून मी तोंड धुऊन येतो म्हणालो आणि विहिरीवर गेलो. मामी तिथे आधीच तोंड धूत होत्या.

परत आलो आणि वढावच्या माणसाचा गणपती पुढे घेतला. पापणी एका श्वासात गेली. मी ती ओढली असं म्हणवत नाही, ती गेली. मामा पुढे वाकले, बघितलं, आणि फडकं उचलून गुडघ्याखाली घातलं. आठ दिवसांत मी तीनशे जोड्या आखल्या. मामा शेजारी बसून कपाळाचं गंध करत होते. रुंद रेघ असते, तिला हात कापला तरी चालतं. लोक मूर्ती न्यायला येत, दारातच चपला काढत. त्या आठ दिवसांत मी मनाशी शपथ घेतली, की मामांना सोडून कुठे जायचं नाही. कुणी घ्यायला लावली नव्हती. मी आपण होऊन घेतली आणि ती खरी होती.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर मुंबईच्या एका कारखान्याचा माणूस पेणेत आला. कुणाच्या तरी घरी त्यानं आमची मूर्ती पाहिली होती. त्यानं मला काय सांगितलं ते सांगण्यासारखं नाही, असल्या माणसांचं बोलणं सगळीकडे सारखंच असतं. मी चार दिवस विचार केला. चार दिवस केला, हे मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे एकाच दिवसात झाला होता, बाकीचे तीन मामांना कसं सांगायचं यात गेले.

मामा ओटीवर जुने साचे पुसत होते. मी सांगितलं. त्यांनी हातातला साचा पुसून पुरा केला आणि खाली ठेवला.

"कधी जाणार?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

"गुरुवारी एसटीला गर्दी असते," मामा म्हणाले. "बुधवारी जा. बसायला जागा मिळेल."

मी बुधवारी गेलो. खिडकीजवळ जागा मिळाली.